घट्ट बसलेलं म्यान

तळ्यावर काम करणाऱ्या माणसाला दोन बाबतींत ठाम मत असावंच लागायचं, एक मुकादम आणि दुसरा चाकू. मुकादमाबद्दलचं मत पोटात ठेवावं लागे, त्यामुळे सगळा जोर चाकूवर निघायचा. जेवणाच्या सुट्टीत धक्क्यावर बसलेली मोठमोठी माणसं आपापला चाकू काढून असे वाद घालायची, की ऐकणाऱ्याला वाटावं हे मुलींची स्थळं जमवतायत.

तळ्यात माशांचे पिंजरे होते. तरंगत्या चौकटींना मोठाली जाळी टांगलेली, आणि चौकटी जागच्या हलू नयेत म्हणून त्यांचे दोर तळाशी सोडलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधलेले. दिवसभर दोर, जाळी, खाद्याच्या गोण्या आणि पुन्हा दोर. सतत काहीतरी कापायचंच असे. मिटायचा चाकू तिथे कुणी जवळ ठेवत नसे, कारण बोटं गारठलेली असताना तो उघडेपर्यंत काम निसटून जातं. सगळ्यांकडे स्कँडिनेव्हियन धाटणीचे सरळ, न मिटणारे चाकू. आखूड पातं, प्लास्टिकची जाड मूठ, आणि पात्याच्या मध्यापासून धारेपर्यंत दोन्ही बाजूंना एकेकच सपाट उतार. नक्षी नाही, डौल नाही. किंमत इतकी बेताची, की हरवला तर माणूस हळहळायचा, पण जेवायचा नाही असं व्हायचं नाही. मुकादम काळ्या पोलादाचा भक्त होता. गंज चढतो, पण धार बघा धार, असं तो म्हणायचा आणि रोज तेलाने पुसत बसायचा. बाकीचे म्हणायचे, पाण्यावर काम करणाऱ्याने न गंजणारंच पातं घ्यावं, उगाच चाकूची सेवा कशाला करायची.

हे सगळे वाद शेवटी धाकट्याकडे येत. धाकटा हे त्याचं नाव नव्हे, पण घरात तसं म्हणायचे आणि मेहुणा त्याच तळ्यावर कामाला असल्यामुळे ते नाव तिथेही चिकटलं. सगळ्यांच्या चाकूंना धार लावायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. दर शनिवारी दुपारी जाळ्यांच्या खोलीत दगड भिजत घालायचा, आणि एकेक चाकू घेऊन पात्याचा तो उतार दगडावर अख्खा टेकवायचा. “दगडावर झोपवायचा त्याला,” तो सांगायचा. “उभा धरलात की संपलं. कोन बदलला की तो चाकू राहत नाही, सळई होते.” स्वभावाने गरीब माणूस, पण धारेच्या बाबतीत फार आढ्यतेखोर. त्याच्या हाताखालून गेलेला चाकू बोथट आहे असं कुणी म्हटलं असतं, तर त्याने चार दिवस त्या माणसाशी अबोला धरला असता.

भाऊजींचा, म्हणजे त्या मेहुण्याचा, चाकू नारिंगी मुठीचा. गवतात पडला तर लांबून दिसावा म्हणून लोक नारिंगी घेतात. भाऊजी मात्र तो तळ्यात पाडायचे, आणि तळ्यात सगळे रंग सारखेच. म्यान प्लास्टिकचं असतं, त्यात वाळू जाऊन जाऊन तोंड झिजतं, मग चाकू ‘टक्’ करून बसत नाही, नुसता आत उभा राहतो. माणूस वाकला की चाकू पाण्यात. भाऊजी हल्ली वाकून पाहायचेही नाहीत, कुठे पडला म्हणून. धाकटा म्हणायचा, “भाऊजी, नवं म्यान घ्या की हो.” ते म्हणायचे, “घेऊ रे.” तेवढंच.

हल्ली ते सगळ्यालाच तेवढंच म्हणायचे. आजारातून उठल्यापासून माणूस मुका झाला होता. आधी असे नव्हते. धाकट्याला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं, तेही शिव्या देत देत आणि हसत हसत. आता घरी आले की खिडकीशी बसायचे आणि गल्ली बघायचे. छकुली, त्यांची लेक, शाळेतल्या गमती सांगायची, ते मान हलवायचे, आणि कुठल्या गमतीवर हसायचं ते चुकायचे. ताई, धाकट्याची बहीण, आधी काळजी करायची, मग समजूत घालायची, मग वैतागायला लागली. वैतागणार नाही तर काय करेल. भिंतीशी संसार कोण करतो?

त्या रविवारी धाकटा नेहमीसारखा ताईकडे जेवायला गेला. ताईच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

“काय झालं?”

“काही नाही, कापलं जरा,” ती म्हणाली. मग खिडकीकडे बघून मोठ्याने, “आता म्हणावं, हरवून दाखवा!”

भाऊजींनी मान वळवली, कसनुसं हसले आणि पुन्हा गल्लीकडे बघायला लागले. नवरा-बायकोचं काहीतरी असेल म्हणून धाकट्याने विचारलं नाही, पानावर बसला. विचारायला हवं होतं असं आता तुम्ही-आम्ही म्हणू. त्या वेळी कुणाच्या मनात येणार होतं?

सोमवारी सकाळी नव्या पिंजऱ्यासाठी ठोकळे सोडायचे होते, दिवसाचं पहिलंच काम. भाऊजी एका बोटीत, धाकटा दुसऱ्या. काठावर टेकवलेला ठोकळा ढकलायचा आणि चटकन मागे व्हायचं, कारण त्यामागे दोर सरसरत जातो. दोराच्या वेटोळ्यात पाय नको, हे तळ्यावर पहिल्या दिवशी शिकवतात. भाऊजींनी ते कित्येकांना शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांचा पाय वेटोळ्यात होता. धाकट्याने ठोकळा गेलेला पाहिला, आणि भाऊजी उभे होते तिथे नुसती बोट हलताना पाहिली. ओरडल्याचा आवाजही आला नाही.

त्याने उडी मारली, आणखी दोघांनी मारली. तळं तिथे खोल होतं, पाणी गढूळ होतं, आणि छातीत मावणाऱ्या हवेला काही मर्यादा असते. शेवटी दोराचं वरचं टोक कप्पीवर घेऊन ठोकळ्यासकट ओढावं लागलं. भाऊजी वर आले तेव्हा फार उशीर झाला होता. धाकट्याने त्यांच्या पायाचा दोर स्वतःच्या चाकूने कापला. एका फटक्यात कापला गेला.

पुढचे दिवस जसे जायचे तसे गेले. माणसं आली, बसली, उठली. ताई भिंतीला टेकून बसायची, रडायची, छकुलीला जवळ घ्यायची, पुन्हा रडायची. त्या रडण्यात काही वावगं नव्हतं. रडत होती तोवर धाकट्याला वाटत होतं, सावरेल.

मग मुकादम भेटायला आला. वाईट माणूस नव्हे, पण गप्प बसता येत नाही असा. पाणी पिऊन झालं, भाऊजींचं कौतुक करून झालं, आणि मग बोलायला काही उरलं नाही तेव्हा तो हळहळत म्हणाला, “आणि चाकू तर कमरेलाच होता हो. धक्क्यावर ठेवलं तेव्हा मी स्वतः पाहिला, म्यानात जसाच्या तसा. काढलाच नाही त्यांनी. सुचलं नसेल.”

ताई त्या वेळी रडत होती. ती थांबली.

मुकादम गेल्यावरही ती रडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. छकुलीची वेणी घालायची, चूल बघायची, विचारलं तर उत्तर द्यायची, अगदी भाऊजींसारखं मोजकं. धाकट्याला ते रडण्यापेक्षा भयंकर वाटलं. दोन-तीनदा टाळाटाळ केल्यावर एका दुपारी, छकुली शाळेत असताना, ती बोलली.

“त्या दिवशी सकाळी मी काय बोलले ठाऊक आहे तुला?”

“जाऊ दे ना ताई.”

“नाही, ऐक. शनिवारी छकुलीच्या शाळेत बोलावलं होतं, आणि हे विसरले. ती दारात वाट बघत राहिली होती. मला ते त्या सकाळी कळलं, आणि मी तोंड सोडलं. म्हटलं, तुम्ही घरात असून नसल्यासारखेच आहात, नसलात तरी काय फरक पडणार आहे आम्हाला. चहा तसाच ठेवून गेले.” ती एका दमात बोलली, पाठ केल्यासारखं. “आणि मग चाकू कमरेला असून काढला नाही.”

“सुचलं नसेल गं.”

“आयुष्यभर दोर कापणाऱ्या माणसाला? अरे, झोपेत सुचेल ते.” तिने धाकट्याकडे पाहिलं. “फरक पडणार नाही म्हटलं ना मी. त्यांनी ऐकलं माझं. एवढ्या महिन्यांत तेवढंच एक ऐकलं.”

 भाऊजी असं करतील हे धाकट्याला पटत नव्हतं, पण खिडकीशी बसलेले ते त्यालाही आठवत होते. म्हणून नाही म्हणताना त्याचा आवाज नको तिथे बसला, आणि ताईने ते बरोबर हेरलं.

“त्यांचे कपडे, तो चाकू, सगळं तुझ्याकडेच आहे ना? मला आणून दे,” ती म्हणाली.

दवाखान्यातून मिळालेली पिशवी त्याने जाळ्यांच्या खोलीत फळीवर ठेवली होती. तिला हात लावायची हिंमत झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे तळ्यात असताना त्याने ती काढली. कपडे अजून दमट होते, वास मारत होते. त्याने पट्टा काढला. पट्ट्याला म्यान, म्यानात नारिंगी मूठ.

म्यानाची कडी, जिच्यातून पट्टा ओवतात ती, एका बाजूने फाटली होती. काळं प्लास्टिक खूप ताणलं की पांढरं पडतं, तशी ती मुळापासून पांढरी पडली होती, आणि जेमतेम बोटभर भागाने लटकत होती. शनिवारी त्याने स्वतः हा चाकू हातात घेतला होता, तेव्हा कडी धड होती.

त्याने सवयीने मुठीला अंगठा लावून चाकू वर ढकलला. चाकू हलला नाही. त्याने मूठ धरून ओढला, तरी हलला नाही. मग म्यान दोन गुडघ्यांत धरून दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कुठे हिसका बसून तो बाहेर आला, आणि धाकटा मागच्या मागे भिंतीवर आपटला. शनिवारी हाच चाकू म्यान उलटं धरलं की आपोआप पडत होता.

त्याने म्यानाचं तोंड उजेडात धरलं. दोन्ही बाजूंनी ते आत दाबलेलं होतं. प्लास्टिक उकळत्या पाण्यात मऊ करून चिमटलं की असं होतं, तळ्यावरही काही जण तसं करतात, पण ते बेताने आणि चाकू आत ठेवून, पुन्हापुन्हा काढून बघत. इथे दाबणाऱ्याने मनापासून दाबलं होतं. दाबाच्या खुणा बारीक दातांच्या होत्या, ओळीने, आणि मधला एक दात नव्हता.

ती सांडशी त्याला ठाऊक होती. तिचा तो दात त्यानेच तोडला होता, ताईकडे नळाची चकती फिरवायला पाना सापडत नव्हता म्हणून. ताईने त्यावरून त्याला केवढं फैलावर घेतलं होतं.

धाकटा तिथेच जमिनीवर बसला. ‘आता म्हणावं, हरवून दाखवा.’ अंगठ्याची चिंधी त्याला आठवली नाही, नेमकी तीच आठवली नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की ताई सुट्टीच्या दिवशी पाणी उकळतेय, नवऱ्याची कटकट कायमची मिटवतेय, आणि मनात खूश होतेय. आणि मग त्याला तळ दिसला. गढूळ पाणी, पायाला ठोकळा, आणि भाऊजी कमरेची ती मूठ ओढतायत, ओढतायत, आणि चाकूऐवजी कडी फाटतेय. त्याच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. खोलीत कुणी नव्हतं हे बरं झालं.

भाऊजींना मरायचं नव्हतं. हे ताईला सांगायलाच हवं होतं, धावत जाऊन सांगायला हवं होतं. पण हे सांगणार कसं? कडी दाखवायची तर म्यान दाखवावं लागणार, आणि त्याच म्यानावर तिच्या सांडशीचे दात उमटलेले. ते गेले ते तिच्या बोलण्यामुळे नव्हे, हे ज्या वस्तूवर लिहिलं होतं, तिच्यावरच तिच्या हाताने ते गेले हेही लिहिलं होतं. एक झाकून दुसरं दाखवायची सोय नव्हती.

त्याने बराच वेळ विचार केला आणि मग, ज्याला विचाराची सवय नाही तो माणूस करतो तसं, एकदम सगळं ठरवून टाकलं. तिसरंच काहीतरी सांगायचं. भाऊजींनी चाकू काढला होता. दोर कापतही होते. चाकूने दगा दिला, कारण चाकू बोथट होता, आणि बोथट होता कारण त्या शनिवारी धाकट्याने त्याला धार लावलीच नव्हती. म्हणजे भाऊजींना जगायचंही होतं आणि ताईचा दोषही नव्हता. दोष धाकट्याचा. ताई त्याला शिव्या देईल, तोंड बघणार नाही म्हणेल. म्हणू दे. भाऊ असतात कशाला?

तो चाकू घेऊन पायरीशी गेला आणि पात्याची धार सिमेंटवर उभी धरून खरवडली.  आजवर कुणाचा चाकू त्याने असा धरला नव्हता. धार गेली, पात्याच्या कडेला दाते पडले. मग त्याने स्वतःच्या चाकूचं म्यान काढलं. सगळ्यांची म्यानं एकाच घडणीची, काळी, सारखी झिजलेली. नारिंगी चाकू त्यात घातला. आणि भाऊजींचं म्यान, खोलीच्या मागे फाटक्या गोण्या जाळायचं पिंप होतं, त्यात टाकून पेटवलं. प्लास्टिकचा धूर डोळ्यांत गेला. ते वितळून काळा गोळा होईपर्यंत तो उभा राहिला. मोठं काम हातावेगळं केल्यासारखं त्याला वाटलं, बिचाऱ्याला.

संध्याकाळ व्हायच्या आत तो ताईकडे पोचला. छकुली शेजारी खेळायला गेली होती. त्याने पिशवी खाली ठेवली आणि बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, नाहीतर धीर सुटला असता.

“ताई, मुकादमाला काही माहीत नाही. भाऊजींनी चाकू काढला होता. वर आले तेव्हा चाकू मुठीत घट्ट आवळलेला होता. बोटीत कुणाला लागू नये म्हणून मीच तो म्यानात घातला. मुकादमाने पाहिला तो नंतर.”

 ताई सरळ होऊन बसली.

“दोरावर घाव होते,” तो म्हणाला. “कापत होते ते. कापला गेला नाही, कारण... त्या शनिवारी मी त्यांच्या चाकूला धार लावलीच नाही. कंटाळा केला. म्हटलं, घरचंच माणूस आहे, पुढच्या शनिवारी लावू. बघ तू, हात लावून बघ. लोणी कापणार नाही त्याने. माझ्यामुळे झालं हे. तू जे बोललीस त्याच्यामुळे नाही.”

सांगताना त्याचा आवाज एकदाही चिरकला नाही. डोळ्यांत पाणी होतं तेही खरं. इतकं बेमालूम खोटं तो जन्मात बोलला नव्हता.

ताईने चाकू काढला. म्यानातून तो सहज निघाला. तिने धारेवरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. मग तिने चाकू मांडीवर ठेवला आणि डाव्या अंगठ्याची चिंधी सोडायला लागली. तेव्हा कुठे धाकट्याला रविवार आठवला.

अंगठ्यावर आडवी जखम होती, खोल आणि सरळ, अजून पुरती न मिटलेली.

“रविवारी लागलं हे,” ताई म्हणाली. “याच चाकूने. नुसता टेकला होता मी अंगठा. लागलं ते कळलंसुद्धा नाही, रक्त आलं तेव्हा कळलं. मी यांना म्हटलंसुद्धा, धाकट्याने काय धार लावलीय.”



तिने म्यान उचललं. तोंडावरून बोट फिरवलं, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. “हे त्यांचं नाही.”

“ताई...”

“त्यांच्या म्यानावर माझ्या सांडशीचे वण होते. मी दाबलं होतं. गरम पाण्यात घालून, अंगातलं सगळं बळ लावून.” ती म्यानाकडे बघत बोलत होती, हळूहळू, एकेक गोष्ट जागेवर ठेवत. “तू ते बदललंस. चाकू खराब केलास. का केलंस तू हे? का?” आणि मग तिने मान वर केली. “निघाला नाही. हो ना? चाकू निघालाच नाही त्यातून.”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने सांगितलं. गुडघ्यांत धरून कसा काढावा लागला ते, आणि ती कडी कशी फाटली होती, कुठून, किती. “खूप ओढलं होतं त्यांनी, ताई. ती कडी जाड असते. अशीतशी फाटत नाही. ते येत होते. घरीच यायचं होतं त्यांना.”

ताईने दोन्ही हात तोंडावर धरले. कितीतरी दिवसांनी ती रडली, वाकून, जमिनीला डोकं टेकवून, आणि त्या रडण्यात “माझ्या हातांनी, माझ्या हातांनी” एवढंच ऐकू येत होतं. धाकटा तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. त्याला वाटलं, असू दे. फार मोठं ओझं आहे, पण हे निदान खरं आहे, आणि खऱ्याच्या एका टोकाला भाऊजींचा जीव आहे, घराकडे धडपडणारा. ते टोक धरून ती उठेल कधीतरी.

ती उठली, लगेचच. पदराने चेहरा पुसला आणि हात पुढे केला.

“ते म्यान दे मला.”

धाकट्याने पिशवी आपल्याकडे ओढली.

“मी दाबलेलं मला बघायचं नाहीये. ते मला पाठ आहे. मला ती कडी बघायचीय, फाटलेली. तेवढं एकच दे. ते मी ठेवीन. छकुली मोठी झाल्यावर तिलाही दाखवीन, की बघ, तुझा बाप येत होता. कुठे आहे?”

“जाळलं,” तो म्हणाला.

 तिचा हात तसाच पुढे होता.

“तुला त्रास नको म्हणून. तू बघू नयेस म्हणून. मला वाटलं...” काय वाटलं ते त्यालाच सांगता येईना. “पण कडी फाटली होती, ताई. शपथ. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.”

“दोरावर घाव होते, तेही तू डोळ्यांनीच पाहिले होतेस,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “आत्ता, इथेच बसून सांगितलंस. डोळ्यांत पाणी आणून सांगितलंस. माझा अंगठा कापला नसता तर मी मरेपर्यंत खरं मानलं असतं.”

“हे खरं आहे गं!”

“असेल. पण मी ओळखू कशावरून, धाकट्या? मला बरं वाटावं म्हणून तू काहीही सांगशील, हे तर तूच दाखवलंस. म्यान घट्ट होतं, एवढं मला ठाऊक आहे, कारण ते मी केलं. त्यांनी ओढलं, हे मात्र तू सांगतोस.”

गल्लीत मुलांचा गलका चालला होता. छकुलीचा आवाज त्यात वेगळा ऐकू येत होता. ताईने चिंधी पुन्हा अंगठ्याला गुंडाळली, एका हाताने गाठ बसेना म्हणून दातात धरून बांधली. धाकट्याने मदतीला हात पुढे केला, तो तिने घेतला नाही.

त्यानंतर धाकटा रविवारी जेवायला जातो, कारण ताई छकुलीकरवी बोलावणं धाडते. भाऊजी बसायचे त्या खिडकीशी आता ती बसते. वाढून झालं की कधीतरी मध्येच विचारते, “कडी फाटली होती ना रे?” तो म्हणतो, “फाटली होती.” “कुठून?” “मुळापासून. पांढरी पडली होती.” दर वेळी तेच विचारते, आणि तो दर वेळी तेच, त्याच शब्दांत सांगतो. सांगत असताना ती त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत असते. तो थांबला की ती “बरं” म्हणते आणि त्याच्या पानात भाजी वाढते.